तबकडी आहे, लावायची कुठे?

फेब्रुवारी २०२४ मध्ये शांघायच्या शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये एक पेपर छापला. डीव्हीडीच्याच आकाराची तबकडी, पण आत शंभर थर, आणि क्षमता १.६ पेटाबिट म्हणजे साधारण २०० टीबी. आपल्या साध्या ४.७ जीबीच्या हिशोबाने ४२ हजारांच्या वर डीव्हीड्या एका डिस्कमध्ये. बातमी वाचली तेव्हा खरंच भारी वाटलं मला, आणि लगेच मामा आठवले, कारण मामांच्या माळ्यावर डीव्हीड्यांची खोकीच्या खोकी आहेत आणि त्यातलं एखादं लग्न काढून द्या म्हणून कोणी दारात आलं की मामांचा जीव कसानुसा होतो.

मामांचा नागपूरच्या महाल भागात व्हिडिओ शूटिंगचा धंदा होता. आधी व्हीएचएस, मग मिनी डीव्ही टेप, आणि २००० नंतर गिऱ्हाईकाला द्यायला व्हीसीडी, मग डीव्हीडी. लग्नसराईत त्यांच्या खोलीत रात्रभर मिक्सिंग चालायचं, कूलर फुल स्पीडवर, कॉम्प्युटरचा डबा उघडाच ठेवलेला म्हणजे हवा लागेल, आणि राईट होऊन ट्रेमधून बाहेर आलेली डिस्क हाताला गरम लागायची. एक कॉपी मुलीकडच्यांना, एक मुलाकडच्यांना, एक बाहेरगावच्या काकांना. वरून नवरानवरीच्या फोटोचं गोल स्टिकर, त्यावर बदामाची चौकट. त्या काळात हे स्टिकर नसलं तर लोकांना डीव्हीडी अपुरी वाटायची.

गिऱ्हाईकाच्या कॉपीत हळदीच्या सीनला मागे सिनेमाचं गाणं टाकलेलं असायचं, सगळे तसंच मागायचे. पण मामा रॉ रेकॉर्डिंग वेगळ्या डिस्कवर स्वतःकडे ठेवायचे, आणि त्या रॉ मध्ये काय आहे माहितीये? बायकांचे खरे आवाज. आज्या, मावश्या, शेजारच्या काकू, हळद दळताना, तेल लावताना, वऱ्हाडीत म्हटलेली गाणी, मधेच शब्द विसरून हसणं, मग दुसरीने ओळ पुढे नेणं. ही गाणी कुठे छापलेली नाहीत. प्रत्येक घराची थोडी वेगळी, गावागणिक चाल वेगळी. त्यातल्या बहुतेक आज्या आता नाहीत. मी तर म्हणेन की नागपूर-वर्धा-अमरावतीकडच्या हळदीच्या गाण्यांचा सगळ्यात मोठा साठा कुठल्या विद्यापीठात नसून असल्या शूटिंगवाल्यांच्या माळ्यांवर पडलाय, आणि माळ्यावर मे महिन्यात काय तापतं ते नागपूरकराला सांगायला नको.

मागच्या वर्षी एक ताई आल्या होत्या, लग्न करून पुण्याला गेलेल्या. त्यांना आजीचा आवाज हवा होता. स्वतःची डीव्हीडी घेऊनच आल्या. मी हातात घेतली तर फोटोचं स्टिकर एका कडेने सुटलेलं, आणि सुटताना डिस्क पण किंचित वाकलेली. घरात पडलेल्या जुन्या सीड्यांचं तर याहून वाईट होतं, स्टिकर ओढलं की त्यासोबत चंदेरी पापुद्रा पण निघून येतो आणि ती जागा उजेडासमोर धरली की आरपार दिसतं. हे का होतं ते सांगते, कारण बहुतेकांना अजून वाटतं की सीडीची चमकणारी खालची बाजू नाजूक आणि वरची छापील बाजू मजबूत. सीडीत उलटं आहे. खालून १.२ मिलिमीटर जाड पॉलिकार्बोनेट आहे, ते ओरखडे झेलतं. डेटा असतो वरच्या अंगाला, लेबलच्या अगदी खाली, वर फक्त लाखेचा पातळ थर. म्हणून बॉलपेनने नाव लिहिणं, स्टिकर चिकटवणं, हे सगळं सीडीच्या जिव्हारी लागायचं. डीव्हीडीत हे सुधारलं, तिथे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून डेटा मधोमध ठेवला, पण स्टिकरमुळे डिस्क एका बाजूने जड होणं, वाकणं, फिरताना थरथरणं हे राहिलंच.

आणि घरी राईट केलेल्या डिस्कची गोष्ट अजून वेगळी. दुकानात मिळायची ती सिनेमाची सीडी ठसा मारून बनते, प्लॅस्टिकवर खड्डेच उठवलेले असतात. राईट करायच्या कोऱ्या डिस्कमध्ये खड्डे नसतात, तिथे रंगद्रव्याचा थर असतो आणि लेझर तो जागोजागी भाजतो, म्हणून तर तिला बर्न करणं म्हणतात. आता रंग म्हटला की ऊन, उष्णता, दमटपणा हे त्याचे वैरी. पडद्याचा रंग उडतो, सतरंजी विटते, तसाच हा रंग पण हळूहळू विटतो. आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ च्या वर, त्याच खोलीत कूलरची ओली हवा, मग जूनच्या मध्यापासून पावसाळी दमट. या डिस्क बनवणाऱ्यांनी पाकिटावर टिकायची जी वर्षं छापली होती ती थंड, कोरड्या, अंधाऱ्या कपाटाची होती.

तर त्या ताईंची कॉपी चालण्यासारखी राहिलीच नव्हती. मामांनी माळ्यावर चढून त्या तारखेची रॉ डिस्क शोधली, पांढऱ्या कागदी पाकिटात, स्टिकर नाही, कडेला मार्करने फक्त आडनाव आणि तारीख. दिसायला एकदम नवी. मामा म्हणाले, "डिस्क चांगली हाय ना बाई, तिले काहीच नाही झालं. लावू कुठं सांग?"

आणि खरंच कुठे लावणार. मामांचा जुना कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. माझ्या लॅपटॉपला ट्रे नाही. भाच्याच्या नाही, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या नाही. टीव्हीखालचा डीव्हीडी प्लेयर होता तो सेट टॉप बॉक्स आल्यावर कोणीतरी नेला. २००८ मध्ये ॲपलने मॅकबुक एअर काढला त्यात डिस्कचा ड्राईव्हच नव्हता, तेव्हा लोकांना चमत्कारिक वाटलं होतं, आणि नंतरच्या सात-आठ वर्षांत बहुतेकांनी तो काढून टाकला, पातळ लॅपटॉप हवा होता ना सगळ्यांना. शेवटी बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेलो. दुकानदाराने काउंटरखालून, केबलांच्या ढिगाखालून, यूएसबीवर चालणारा एक एक्स्टर्नल डीव्हीडी रायटर काढला आणि म्हणाला, "ताई, आता कोन घेते हे? एकच उरला पाहा." घेतला.

मग घरी आणून लावला. साध्या कॉपीने अर्ध्यात अटकलं, म्हणून मग असा प्रोग्रॅम वापरला की जो डिस्कवरच्या खराब सेक्टरवर, म्हणजे न वाचता येणाऱ्या तुकड्यावर, डोकं आपटत बसत नाही, सोडून पुढे जातो, चांगलं ते सगळं आधी गोळा करतो आणि मग सोडलेल्या जागांवर परत परत येऊन स्पीड कमी करून पाहतो. ड्राईव्हचा तो आवाज, आधी सूंऽऽ करून वेग घेतो, मग खर्र, मग एकदम शांत, मग परत सूंऽऽ, रात्रभर तेच. मी आणि मामा बसून होतो. सकाळी पाहिलं तर हळद पूर्ण आली होती. आजी समोर बसलेल्या, हातात वाटी, आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत. बिदाई मात्र तुकड्यातुकड्यात, चित्र चौकोनी होऊन थिजलेलं. याला कारण आहे. ऑप्टिकल डिस्कवर डेटा आतून बाहेर लिहिला जातो, भोकाजवळून सुरू होऊन कडेकडे, ग्रामोफोनच्या रेकॉर्डच्या उलटं. हळद आधी झाली म्हणून आत लिहिली गेली, बिदाई शेवटी म्हणून कडेला, आणि बाहेरची कड हीच आधी खराब होते, बोटं तिथे लागतात, ओल तिथून शिरते, वाकली तर तिथे जास्त वाकते. ताई म्हणाल्या, बिदाई जाऊ द्या हो, मला रडायचं नाहीच आहे, मला आजीच पाहिजे होती.

या प्रसंगानंतर मी या तबकड्यांबद्दल बरंच वाचत गेले आणि एक गोष्ट मला फार जाणवली, जी नव्या फॉरमॅटच्या बातम्यांत कोणी सांगत नाही. सीडी ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानमध्ये बाजारात आली, सोनी आणि फिलिप्सने मिळून बनवलेली. व्यास १२ सेंटिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर. डीव्हीडी १९९६ मध्ये आली, १२ सेंटिमीटर, १.२ मिलिमीटर. ब्लू-रे २००६, परत तेच माप. आत मात्र सगळं बदललं. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा अवरक्त, आणि डेटाच्या दोन ओळींमधलं अंतर १.६ मायक्रॉन. डीव्हीडीचा ६५० चा लाल, अंतर ०.७४. ब्लू-रेचा ४०५ चा निळाजांभळा, अंतर ०.३२. लेझरची तरंगलांबी जितकी कमी तितका ठिपका बारीक, आणि ठिपका बारीक तर त्याच चकतीवर जास्त ओळी, म्हणून ६५० एमबीवरून ४.७ जीबी आणि मग २५ जीबी. पण ब्लू-रेचा कॉम्प्युटर ड्राईव्ह घेतलात तर तो तिन्ही लेझर सोबत घेऊन येतो आणि १९८२ ची गाण्याची सीडी आजही वाजवतो. चाळीस वर्षं! कुठल्या फोनचं चार्जर चाळीस वर्षं चाललंय? कुठलं मेमरी कार्ड? एका पेटीत तीन पिढ्यांचे डोळे बसवायचे हे कोणी सक्तीने सांगितलं नव्हतं, पण तेव्हाच्या लोकांना कळत होतं की माणसाच्या घरात आधीच सीड्या आहेत, त्या फेकायला लावल्या तर तो नवीन घेणारच नाही.

आणि हे आपोआप झालं नाही. १९९५ मध्ये डीव्हीडीच्या आधी दोन गट होते, एकीकडे सोनी-फिलिप्स, दुसरीकडे तोशिबा आणि तिचे साथीदार, दोन वेगळ्या डिस्क. तेव्हा आयबीएमसारख्या कॉम्प्युटर कंपन्यांनी दोघांना बजावलं की एकच स्टँडर्ड करा, आणि झालं. पुढच्या पिढीत हे शहाणपण टिकलं नाही. ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी एकमेकींविरुद्ध बाजारात उतरल्या, फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने हात वर केले, आणि ज्यांनी एचडी डीव्हीडीचे प्लेयर घेतले होते ते तसेच राहिले. तोवर लोकांचं लक्ष पेन ड्राईव्हकडे आणि मग इंटरनेटकडे गेलं होतं. आपल्याकडे तर ब्लू-रे घराघरात पोचलीच नाही. आपला सुवर्णकाळ व्हीसीडी-डीव्हीडीचा, मोजर बेअरने २८ रुपयांत सिनेमाची व्हीसीडी आणि ३४ मध्ये डीव्हीडी आणली तो. बर्डीच्या फुटपाथवर, इतवारीत, किराण्याच्या दुकानात बिस्किटांच्या बाजूला टांगलेल्या असायच्या. नोएडात कारखाने असलेली ही कंपनी कोऱ्या डिस्क बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी होती, आणि २०१८ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने राईट करायच्या ब्लू-रे बनवणं बंद केलं.

मला वेगाबद्दल तक्रार नाही. निळा लेझर बनवायला माणसांची आयुष्यं लागली, त्यासाठी लागणारे गॅलियम नायट्राइडचे नीट स्फटिक वाढवणं बहुतेकांनी अशक्य म्हणून सोडून दिलं होतं, जपानमध्ये आकासाकी, अमानो आणि नाकामुरा चिकाटीने लागून राहिले आणि निळ्या एलईडीसाठी २०१४ चं फिजिक्सचं नोबेल त्यांना मिळालं. योगायोग पाहा, त्याच वर्षीचं केमिस्ट्रीचं नोबेल ज्या कामाला मिळालं, प्रकाशाच्या मर्यादेहून बारीक पाहायचं तंत्र, त्याच धर्तीवर ही शांघायची २०० टीबीची डिस्क उभी आहे. निळ्याच्या पुढे अतिनील, आणि अतिनील किरण प्लॅस्टिकच शोषून घेतं, म्हणजे जुना रस्ता तिथे संपला होता. मग या लोकांनी दोन लेझर वापरले, एक लिहितो आणि दुसरा त्याच्या कडा दाबून धरतो, त्यामुळे ठिपका ५४ नॅनोमीटरपर्यंत खाली येतो. हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो, खरं सांगते. तिकडे साऊथॅम्प्टन विद्यापीठात पीटर कझान्स्कींचा गट क्वार्ट्झच्या काचेत फेम्टोसेकंद लेझरने, म्हणजे अतिशय सूक्ष्म काळ चमकणाऱ्या लेझरने, लिहितो, एका चकतीत ३६० टीबीपर्यंत मावेल असं त्यांचं म्हणणं, आणि काच ना ओलीने विटणार ना नागपूरच्या उन्हाने. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ७५ मिलिमीटरच्या चौकोनी काचेच्या तुकड्यावर अख्खा सिनेमा लिहून दाखवला, ७५.६ जीबी. तो तुकडा उकळून, भाजून, घासून पाहिला, काही झालं नाही.

पण ती काच वाचायची कशी? सूक्ष्मदर्शक, ध्रुवीकृत प्रकाश, आणि मग मिळालेल्या चित्रांवर मशीन लर्निंग. म्हणजे काच हजारो वर्षं राहील आणि तिला वाचायची मशीन एका कंपनीच्या एका लॅबमध्ये. शांघायच्या डिस्कचंही आज तेच. माझी सगळी काळजी इथे आहे. टिकाऊपणाची चर्चा नेहमी तबकडीची होते, वाचणाऱ्याची कोणी करत नाही. इंग्लंडमध्ये बीबीसीने १९८६ मध्ये, १०८६ च्या जुन्या जमीन-पाहणीच्या नऊशे वर्षांनिमित्त, लाखो लोकांकडून माहिती आणि फोटो गोळा करून लेझर डिस्कवर टाकले. पंधरा वर्षांत ते वाचायचे प्लेयर आणि कॉम्प्युटर शोधून सापडेनात, तज्ज्ञांची फौज लावून काढावं लागलं. १०८६ ची मूळ वही मात्र उघडली की वाचता येते.

आपल्याच भागातलं घ्या. रामटेकजवळच्या नंदिवर्धनहून वाकाटक राजांनी दिलेले ताम्रपट पंधराशे वर्षांनंतर आजही शाबूत आहेत. तांबं टिकलं. पण त्यावरची ती पेटिकाशीर्षक ब्राह्मी, अक्षराच्या डोक्यावर बारीक चौकोन, ती वाचणारे मधली कितीतरी शतकं कोणी नव्हते. एकोणिसाव्या शतकात लिपी उलगडली, आणि मग नागपूरचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी आयुष्य घालवून एकेक लेख लावला, १९६३ मध्ये वाकाटकांच्या लेखांचा त्यांचा ग्रंथ निघाला. असल्या लेखांमधूनच राणी प्रभावतीगुप्ता आपल्याला पुन्हा भेटली. तिथे निदान डोळे पुरत होते, मशीन लागत नव्हती. डिस्कच्या बाबतीत डोळेच मशीन आहेत, आणि ते बनवणारा कारखाना बंद झाला की पुढच्या मिराशींना सुरुवात करायलाही जागा राहणार नाही.

म्हणून नव्या कुठल्याही स्टोरेजची बातमी आली की मी आता क्षमता पाहत नाही, तीन प्रश्न पाहते. वाचणारी मशीन किती कंपन्या बनवणार, की एकच? फॉरमॅटचा कागद सगळ्यांना उघडा आहे की कुलपात? आणि याआधीचं काही त्यात लागतं का? सीडीच्या कुटुंबाला या तिन्हीवर चांगले मार्क मिळतात, म्हणून मला त्याचं इतकं कौतुक आहे. क्लाउडला कमी मिळतात, तिथे तर महिन्याचे पैसे थकले की तुमचंच तुम्हाला दिसत नाही. २०१४ मध्ये फेसबुकने दहा हजार ब्लू-रे डिस्कचं एक पेटाबाईटचं कपाट दाखवलं होतं, थंड्या साठ्यासाठी, म्हणजे क्वचितच लागणाऱ्या डेटासाठी. म्हणजे मोठ्यांना तबकडीचं मोल कळतं, ते तिच्यासोबत रोबो आणि ड्राईव्ह पण सांभाळतात. घरगुती माणसाच्या हातात मात्र नुसती डिस्क उरते.

आणि हे सगळं एकेकट्या घरावर टाकून चालणार नाही असं मला मनापासून वाटतं. नागपुरात जुनी, चांगली वाचनालयं आहेत, विद्यापीठ आहे. एका खोलीत एक व्हीएचएस प्लेयर, एक मिनी डीव्हीचा कॅमेरा, दोन-तीन चांगले डीव्हीडी ड्राईव्ह, एक फ्लॉपीचा, आणि ते चालवता येणारा एक माणूस एवढं ठेवलं तरी शहराच्या माळ्यांवरचं किती काय खाली उतरेल. पैसे फार नाही लागत. ड्राईव्ह अजून मिळतात म्हणून आत्ता करायला पाहिजे, पाच-सात वर्षांनी काउंटरखालचे पण संपतील.

तोपर्यंत मी आणि मामा रविवारी बसतो. आधी ज्या डिस्कवर हळद आहे त्या, आणि त्यातही आधी स्वस्तातल्या, कारण त्या आधी जातात. पुसायचं ते मऊ कापडाने, मधून कडेकडे सरळ, गोल गोल कधीच नाही, गोल पुसलं आणि ओरखडा गेला तर तो ओळीच्या दिशेने जातो आणि लांबवरचा सलग डेटा खातो. आडवा ओरखडा परवडतो, सीडीत अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग गडबड तिच्यातला चुका दुरुस्त करणारा कोड स्वतःच भरून काढतो आणि डीव्हीडी तर त्याहून जास्त सोसते. प्रत्येक डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढायची, नुसत्या फाइली नाही. दोन हार्ड डिस्कवर, एक मामांकडे, एक माझ्याकडे. आणि पाहताना मामा नावं सांगतात, ही अमक्याची आत्या, हे गाव काटोलकडचं, ही बाई फार छान गायची, आणि मी ते बाजूला वहीत लिहून घेते, तारीख, गाव, गाणाऱ्या बाईचं नाव. ज्यांचे फोन नंबर अजून लागतात त्यांना कळवतो. मागच्या आठवड्यात वर्ध्याहून एकजण पेन ड्राईव्ह घेऊन आले होते, त्यांना विचारलं की गाणी एखाद्या अभ्यासकाला ऐकवली तर चालेल का, ते म्हणाले आईला विचारून सांगतो.